किळस येण्याचा मान

ग्रिलचं झाकण उघडलं आणि अंगणात उभी असलेली चारही माणसं एकदम मागे सरली.

आत काय होतं ते सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. ग्रिलच्या जुन्या मालकाने शेवटचं जे काही भाजलं होतं, त्याची चरबी जाळीवर तशीच थिजली होती. वर पिवळट, खाली काळी, आणि मध्येमध्ये बुरशीची दाट लव. त्या चरबीत पतंग चिकटून मेले होते. कोपऱ्यात उंदराच्या लेंड्या पडल्या होत्या. तेल गोळा होणारा खालचा ट्रे ओढला तर आधी हलेचना, आणि हलला तेव्हा ‘च्यक्’ असा आवाज करून सुटला. वास तर असला, की नाकात शिरतो न शिरतो तोच घशाशी येतो.

“ई गं बाई!” म्हणत थोरली जाऊ तोंडाला रुमाल लावून घरात पळाली.

“जा, तू आत जा,” थोरले भावोजी तिच्या मागून ओरडले. मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, “तिला वास सहन होत नाही.” जसं काही हे कुणाला ठाऊकच नव्हतं. आणि मग भावोजींनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने, दोघांनी मिळून, धाकट्या जावेकडे पाहिलं.

“सुगरण, तू बघ जरा,” भावोजी म्हणाले. “गरम पाणी, सोडा, काय लागतं ते. तुला कळतं त्यातलं.”

“तुला सवय आहे,” तिचा नवरा म्हणाला.

घरात सगळे तिला सुगरण म्हणायचे. एखाद्याला जन्मभर फुकट राबवून घ्यायचं असेल तर आधी त्याला असं छानसं नाव द्यावं. नाव ऐकून माणूस फुगतो, आणि फुगलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. सुगरणही पहिली काही वर्षं फुगली होती. पुढे तिला त्या हाकेचा वीट आला, पण तोवर तिचं खरं नाव घरात कुणाच्या तोंडी उरलंच नव्हतं.

पोटासाठी ती एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करायची. दोन पाळ्यांच्या कामगारांचं जेवण. सकाळी डोकं रुमालाने घट्ट बांधून आत शिरायची आणि दुपारी बाहेर पडायची तेव्हा रुमालाखालचे केसही तळणीचे झालेले असायचे. दोनदा धुतले तरी उशीला वास यायचा. पण तेही परवडलं. भांडी घासायच्या मोरीखाली तिथे एक टाकी होती. ताटांवरचं तेल-तूप पाण्याबरोबर वाहत जाऊन तिच्यात अडकायचं आणि वर राखाडी लगदा साचायचा. तो लगदा डावाने उपसून बादलीत भरायचं काम सुगरणीकडे होतं. का? तर बाकीच्या बायका ‘आम्हाला नाही बाई जमत’ म्हणाल्या होत्या म्हणून. सुगरण काही म्हणाली नव्हती. मग झालंच. गप्प बसणाऱ्याच्या गळ्यात घोंगडं पडायला वेळ लागत नाही.

तर अशी ही बाई. दोघा भावांनी मिळून जुना कॅम्पर ट्रेलर विकत घेतला, गाडीच्या मागे जोडून न्यायची ती चाकांवरची खोली, आणि तिच्याबरोबर ही ग्रिल आली, तेव्हा सगळ्यांनी नाचायचंच काय ते बाकी ठेवलं. तळ्याकाठी जाऊ, रानात जाऊ, चांदण्यात जेवू. सुगरणीने ऐकून घेतलं आणि रात्री नवऱ्याला एकच अट घातली होती.

“आठवडाभर मी चुलीला हात लावणार नाही. सकाळचा चहा करीन, तोही मला लागतो म्हणून. कबूल असेल तर येते. नाहीतर तुम्ही जा, मी घरी पाय पसरून झोपते.”

“अगं कबूल! शंभर वेळा कबूल!” नवरा म्हणाला होता. “तुला विश्रांती मिळावी म्हणून तर हा सगळा खटाटोप.”

आणि आता तो उघड्या ग्रिलपाशी उभा राहून सवयीच्या गोष्टी करत होता.

सुगरणीने दोन बोटांनी झाकण धरलं आणि दाणकन बंद केलं. “हे उकिरड्यावर टाका. मी याला शिवणार नाही.”

“म्हणजे नवीन घ्यावं लागेल,” भावोजी म्हणाले. त्यांचा चेहरा काही फारसा पडला नव्हता. दुकानात जायला त्यांना निमित्तच हवं होतं.

आता थोरल्या जावेच्या नाकाबद्दल दोन शब्द. थोरली या घरात सुगरणीच्या आधी आली. कुठल्याशा घरच्या समारंभात तळण चाललेलं असताना ती तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली आणि भिंतीला धरून भडाभडा ओकली. तेव्हापासून तिच्या नाकाचा दबदबा जो बसला तो बसलाच. मटण आलं की थोरली दुसऱ्या खोलीत. फोडणी पडली की थोरली गच्चीवर. वाढदिवस असो, लग्न असो, कुणी गेलेलं असो, स्वयंपाकघरात सुगरण आणि बाहेर पाहुण्यांशी बोलायला थोरली. “तिला बिचारीला वास सहन होत नाही,” असं सासूबाई म्हणायच्या, भावोजी म्हणायचे, येणारेजाणारे म्हणायचे. जेवताना तिचं ताट मात्र भरलेलं असायचं. शिजल्यावर वास जातो, असं तिचं म्हणणं होतं. सुगरण तिला मनातल्या मनात नाजूकबाई म्हणायची. मत्सर नव्हता हो. खरं सांगायचं तर थोडा होता. पण त्याहून जास्त कीव होती, की बाईचा जीवच तसला, त्याला ती काय करणार!

दुकान म्हणजे एक मोठी पत्र्याची शेड होती. तंबू, घडीच्या खुर्च्या, कंदील, आणि भिंतभर शेगड्या. विक्रेता गोलमटोल, तोंडाला कुलूप नसलेला माणूस. पोटावर एप्रन, खिशात कायम एक चिमटा.

“आधी मला सांगा, ट्रेलरला बाहेर सरकणारी फळी आहे का?” त्याने विचारलं.

भावोजींनी खिशातून सुतळी काढली. त्यांनी फळीची लांबीरुंदी सुतळीला गाठी मारून मोजून आणली होती. घरात टेप होता, पण सुतळी चुकत नाही असा त्यांचा सिद्धांत. विक्रेत्याने हसू दाबत ती सुतळी एकेका शेगडीला लावून दाखवली.

“कोळशाची घेऊ नका,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात रानात कोळसा पेटवू देत नाहीत, एक ठिणगी उडाली की बोंब. शिवाय निघायच्या वेळी राख गार व्हायची वाट बघत बसा. गॅसची घ्या. वाऱ्याला आडोसा असलेली घ्या. आणि काहीही झालं तरी ट्रेलरच्या आत पेटवू नका, बाहेरच. आत जीव गुदमरायचा.”

सुगरणीला हा माणूस आवडायला लागला होता. तिची निवड कधीच झाली होती. खालच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पेटीत, एका बर्नरची छोटी शेगडी. बाजूला बोटभर लांबीचा खटका, आत घालायचा गॅसचा लहान डबा. वर एक किटली बसेल, फार तर एक पातेलं. एवढ्या जाळावर चार माणसांचं मांस भाजायचं मनात आणलं तरी भाजता येणार नाही. याच गुणावर तिचा जीव जडला होता. ती पेटी तिने उचलून काखेत धरली.

“ही बास,” ती म्हणाली. “चहा होतो. बाकी विकत आणून खाऊ.”

दोघे भाऊ असे हसले की शेजारचं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

“अगं, ही काय भातुकली खेळायला?” नवरा म्हणाला. “ते बघ तिकडे.”

तिकडे दोन बर्नरची, झाकणवाली, अर्ध्या भागात जाळी आणि अर्ध्या भागात सपाट तवा असलेली लांबलचक ग्रिल होती. सुतळीच्या शेवटच्या गाठीपर्यंत बरोबर बसत होती. भावोजी तिच्याकडे नव्या नवरीकडे बघावं तसे बघत होते.

“पेटवून दाखवू का?” विक्रेता म्हणाला. त्याने शेडच्या मागच्या दाराबाहेर तसलीच एक ग्रिल मांडून ठेवली होती. बाजूला थंड पेटीत मसाला लावलेले मांसाचे तुकडे, कापलेला कांदा आणि पाव. गिऱ्हाईक दारात आलं की हा पेटवत असणार, कारण जाळीच्या कडांना कालचं, परवाचं, कोण जाणे कधीचं काळं कीट बसलं होतं. त्याने फडक्याने एक हात फिरवला. फडकं जाळीहून घाण होतं.

धूर उठला, चरबी गळून खाली चुरचुरली, आणि सुगरणीने तोंड फिरवलं. सुट्टीच्या दिवशी, पदरचं पेट्रोल जाळून, आपण पुन्हा त्याच वासात येऊन उभ्या! ती तडक दूर टांगलेल्या तंबूंपाशी गेली आणि नव्या कापडात नाक खुपसून उभी राहिली. थोरली केव्हाच रुमाल लावून ‘मी आहे गं इथेच कुठेतरी’ म्हणत दिसेनाशी झाली होती. पळाली असेल बिचारी गाडीकडे, सुगरणीला वाटलं.

कापडाच्या फटीतून मागचं दार दिसत होतं. दोघे भाऊ आणि विक्रेता बाजूच्या सिलिंडरपाशी वाकून गॅसची नळी कुठे जोडायची ते बघत होते. तिघांच्या पाठी ग्रिलकडे. आणि धुराच्या पलीकडे, ग्रिलच्या दुसऱ्या अंगाला, थोरली उभी होती.

रुमाल तिच्या मुठीत होता. दुसऱ्या हाताने तिने जाळीवरून एक तुकडा उचलला. अजून नीट भाजलाही नव्हता, मध्ये लालच होता. बोटं भाजली म्हणून या हातातून त्या हातात घेत तिने तो तोंडात टाकला. मग दुसरा. मग पाव मोडला. सुगरणीला वाटलं, आता कांदा घेईल. तर नाही. थोरलीने खालचा ट्रे हळूच ओढला, त्यात गळलेल्या चरबीत पाव बुडवला, कोपऱ्यातला काळा गाळसुद्धा पुसून घेतला आणि डोळे मिटून खाल्ला. हनुवटीवरून तेलाचा ओघळ आला तो तिने मनगटाने टिपला आणि मनगट चाटलं.

आई गं! सुगरणीच्या तोंडात पाणी जमलं, ओकारीचं. मोरीखालची टाकी उपसताना झालं नव्हतं असं तिला झालं. तो घाणेरडा ट्रे एक वेळ सोडा. पण ते मिटलेले डोळे! इतकी वर्षं जिच्या नाकापायी आपण धुरात उभ्या राहिलो, ती ही?

थोरलीने डोळे उघडले ते थेट तिच्याकडेच. तोंडातला घास तिने घाईने गिळला. मग रुमालाने तोंड पुसत ती तंबूंपाशी आली.

“कुणाला बोलू नकोस हं,” ती हळूच म्हणाली.

“तुम्हाला वास येत नाही?”

“तेव्हा आला होता गं. खरंच आला होता. दिवस गेले होते मला, कुणाला सांगितलं नव्हतं अजून. मग ते तीन-चार महिन्यांत थांबलं. पण मला कुणी परत आत बोलावलंच नाही.” तिने खांदे उडवले. “मग मीही गेले नाही. पुढे तू आलीस, तुला जमतच होतं सगळं.”

“मला जमत होतं?” सुगरणीचा आवाज चढला. “मला किळस येते, जाऊबाई! रोज येते. कॅन्टीनचा स्वयंपाक करून घरी येते तेव्हा मला घास जात नाही!”

थोरली तिच्याकडे खऱ्या आश्चर्याने बघत राहिली. “मग म्हणायचंस की! तुला कुणी अडवलं होतं?”

हे बोलणं कुजकं नव्हतं, हीच तर गंमत. थोरलीला मनापासून वाटत होतं की एवढं सोपं होतं ते. सुगरणीला जावेचा राग आला, नवऱ्याचा आला, पण सगळ्यात जास्त शिसारी तिला स्वतःची आली. एवढी वर्षं आपण ओ देत राहिलो. एकदा भिंतीला धरून ओकलो असतो तर काय बिघडलं असतं?

“सुगरण! अगं इकडे ये!” नवऱ्याची हाक आली. “ठरली बघ! तुझ्यासाठीच घेतोय. दोन बर्नर, तुला हात चालवायला मोकळी जागा.”

काखेतली पेटी घेऊन ती मागच्या दाराशी गेली. “माझ्यासाठी?”

“मग काय आमच्यासाठी? आम्हाला थोडंच येतं!” भावोजी म्हणाले.

“तुम्ही कबूल केलं होतं,” ती नवऱ्याला म्हणाली.

“अगं हो, पण हे काय काम आहे का? मोकळ्या हवेत, हसतखेळत. तुझ्या हाताला तर ती चव आहे की—”

“मला किळस येते,” सुगरण म्हणाली. मोठ्याने, स्पष्ट. “या वासाची, या तेलाची, सगळ्याची. मला मळमळतं.”

मग नवरा हसला. “तुला? तू तर रोज दोन पाळ्यांचं रांधतेस!” भावोजीही हसले. विक्रेत्याला वाटलं घरातली थट्टा चाललीय, त्याने आपला चिमटा तिच्या हातात दिला आणि म्हणाला, “तो कडेचा करपतोय बघा, ताई.”

आणि मेल्या हाताने काय करावं? त्याने तुकडा उलटला. शेजारचाही उलटला, जाळ कमी केला, कांदा तव्याच्या गार बाजूला सारला. सगळं आपोआप.

“बघितलंत? याला म्हणतात हात!” विक्रेता म्हणाला. नवऱ्याने अभिमानाने मान डोलावली.

सुगरणीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग वळून चिमटा थोरलीपुढे धरला. “धरा.”

थोरलीचा रुमाल सवयीने नाकाकडे गेला. “अगं, मला—”

“तिला कशाला देतेस?” भावोजी पुढे झाले. “तिला वास सहन—”

“मी सांगू,” सुगरण थोरलीला म्हणाली, “की तुम्ही सांगताय?”

थोरलीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सुगरणीकडे. रुमालावर तेलाचा हा एवढा डाग होता, तो तिने आतल्या बाजूला दुमडला. आणि मग काय सांगावं, डोळ्याची पापणी न लववता ती म्हणाली, “अहो, मोकळ्यावर येत नाही मला वास. आत्ताच लक्षात आलं. घरातच कोंडतो तो. बाहेर काही वाटत नाही बघा.” आणि तिने चिमटा घेतला.

“काय सांगतेस!” भावोजींचा चेहरा उजळला. “म्हणजे या हवेचाच गुण म्हणायचा!”

“हवेचाच,” थोरली म्हणाली.

वा रे बहाद्दरणी! सुगरण बघतच राहिली. इतकं सफाईदार खोटं, आणि तेही तेलकट ओठांनी. आता तोंड उघडायचं आणि सगळं सांगून टाकायचं, ते शब्द अगदी जिभेवर होते. पण सांगितलं तर काय होणार होतं? रडारड, रुसवेफुगवे, दोघा भावांत अबोला, सहल रद्द. आणि घरी जाऊन सगळ्यांसाठी रात्रीचं जेवण कोण करणार होतं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. गप्प राहिलं तर निदान मोकळ्या हवेतला एक आठवडा आपला. घरी तेच नाक, तीच फोडणी. सौदा घाणेरडा होता. तो तिने केला. पण काखेतली छोटी पेटी मात्र तिने गल्ल्यावर मोठ्या ग्रिलशेजारी ठेवली आणि दोन्ही घ्यायला लावल्या.

तळ्याकाठच्या पहिल्याच संध्याकाळी थोरलीने ग्रिल पेटवली. जाळ किती ठेवायचा ते तिला कुठे ठाऊक! बाहेरून सगळं कोळसा झालं आणि आतून रक्त गळत राहिलं. ट्रे बसवायचा राहिला होता, म्हणून चरबी फळीवरून तिच्या चपलांवर ओघळली. धूर तिच्याच तोंडावर येत होता. ती डावीकडे सरकली की तोही डावीकडे. बाह्या कोपरापर्यंत माखल्या, केस कपाळाला चिकटले. भावोजी लांबूनच “मस्त वास सुटलाय!” म्हणत होते. जवळ कुणी जात नव्हतं.

“तू जरा बघतेस का?” नवरा सुगरणीच्या कानाशी येऊन कुजबुजला. “फार हाल होतायत वहिनींचे. आणि खायचे वांधे होतील ते वेगळे.”

सुगरण घडीच्या खुर्चीत बसली होती. छोट्या शेगडीवर केलेला चहा तिच्या हातात होता. तिचे हात खुर्चीतून उठू बघत होते, हे तिला कळत होतं. जाळ मोठा आहे, झाकण लावायला हवं, सगळं तिला तिथून दिसत होतं. तिने पेला दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“होतात हाल,” ती म्हणाली आणि चहा प्यायली.

शेवटी ताटं आली. भावोजींनी एक घास घेतला आणि तळ्याकडे बघत बसले. नवऱ्याने कांदा वेचून खाल्ला. सुगरणीच्या ताटात एक काळा गोळा पडला होता, खाली गुलाबी पाणी साचलेलं. तिने तो तोडला, तोंडात घातला. करपट, कच्चा, वर धुराची कडू चव. जीभ नको म्हणत होती. ती चावत राहिली आणि सगळा संपवला, कारण तिच्या आठवणीत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी उभं राहून तिच्यासाठी काही शिजवलं होतं.

थोरली चिमटा घेऊन शेजारी आली. तिचा रंग उतरला होता. तिने आपल्या बाहीचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“कसं झालंय गं?” तिने विचारलं.

“घाण,” सुगरण म्हणाली, आणि रिकामं ताट पुढे केलं. “अजून एक वाढा.”